वाचक विचारतात : बिल वाढलं, पोळी वाळली, पाठ धरली

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलाची आणि नोकरीच्या धावपळीची आहेत. ज्यांचा उपयोग अनेक घरांना होईल अशी सात निवडली आहेत.

प्रश्न : आमचं दोन खोल्यांचं घर, माणसं चार. फेब्रुवारीपर्यंत महिन्याला ९०-९५ युनिट यायचे, एप्रिलच्या बिलात १७० आले. एसी नाही, नवीन काही घेतलेलं नाही. सासूबाई म्हणतात मीटरच पळतोय. शेजारी सांगतात, शंभराच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. खरं काय समजायचं? — नाशिक

उत्तर : आधी शेजाऱ्यांचं म्हणणं बाजूला ठेवा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटना लागतो. तुमच्या १७० पैकी पहिले १०० पहिल्याच दराने आणि उरलेले ७० दुसऱ्या दराने धरले जातात. तरीही बिल टोचतं, कारण दुसरा टप्पा बराच महाग आहे.

आता बिल हातात घेऊन मीटरसमोर उभ्या राहा. बिलावर मागचं आणि चालू रिडिंग छापलेलं असतं. आजचा आकडा छापलेल्या चालू रिडिंगपेक्षा थोडा पुढे असायला हवा. तो मागे असेल तर रिडिंग चुकीचं घेतलं गेलंय. घर बंद होतं म्हणून सरासरीने बिल लावलं असेल तर तसा शेराही बिलावरच असतो. हे दोन्ही नसेल तर पुढे जा.

‘नवीन काही घेतलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय, पण मार्चपासून पंखे चालू झाले असणारच. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. दोन पंखे रोज दहा-दहा तास जास्त चालले तर ७५ × २ × १० म्हणजे १५०० वॅट-तास, रोजचं दीड युनिट, महिन्याला ४५. त्यात फ्रिज. खोलीत ३८ अंश तापमान असताना फ्रिजचा कॉम्प्रेसर हिवाळ्यापेक्षा बराच जास्त वेळ चालतो, त्यामुळे महिन्याला १५-२० युनिट सहज वाढतात. म्हणजे ९२ चे १५५ इथेच झाले. उरलेल्या पंधरा युनिटांसाठी मीटरवर आळ घेण्याआधी एक चाचणी घरीच करता येते.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ‘३२०० इम्पल्स’ किंवा ‘१६००’ असा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातला मुख्य एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा सगळ्या घराची वीज तोडणारा खटका, खाली करा आणि तीन मिनिटं दिव्याकडे बघा. तो थांबायला हवा. चालूच राहिला तर मीटर आणि घराच्या बोर्डामधल्या वायरमधून वीज गळतेय किंवा दुसऱ्या कुणाचा तरी भार तुमच्या मीटरवर आहे, आणि ही गोष्ट लगेच परवानाधारक वायरमनला दाखवायला हवी. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका.

दिवा थांबला तर एमसीबी वर करा, फक्त फ्रिज चालू ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू असताना मिनिटभर लुकलुक मोजा. मोजलेला आकडा × ६० ÷ ३२०० हे उत्तर किलोवॅटमध्ये येतं. मिनिटाला ८ वेळा म्हणजे ०.१५ किलोवॅट, १५० वॅट. घरगुती फ्रिजला हे ठीक आहे. पण तासाभरात कॉम्प्रेसर एकदाही बंद पडत नसेल तर दोष फ्रिजमध्ये आहे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर ढिलं झालंय, गार हवा बाहेर जातेय. फ्रिज भिंतीपासून चार बोटं तरी पुढे हवा आणि मागची जाळी धुळीने भरलेली नको.

गिझर असेल तर त्याचाही हिशेब सांगते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.७ युनिट लागतं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, तेव्हा खर्च निम्म्यावर यायला हवा. तो येत नसेल तर गिझरचा थर्मोस्टॅट तपासून घ्या. पंखे बदलायचे असतील तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, दहा तासांच्या वापरात महिन्याला पंख्यामागे १३ युनिट वाचतात. पंख्याचा जुना, मोठ्या खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्याने वीज फारशी वाचत नाही, कारण कमी केलेली वीज तो रेग्युलेटरच तापवण्यात जाते.

एवढं करूनही शंका उरलीच तर उपविभाग कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही.

प्रश्न : सकाळी सहाला पोळ्या करून सातची गाडी पकडते. दीड वाजता डबा उघडला की वरच्या पोळ्या कडक आणि खालच्या ओल्या. फॉइल, कॅसरोल, तूप, सगळं करून पाहिलं. ऑफिसात एसी आहे, मायक्रोवेव्ह नाही. — ठाणे

उत्तर : वरच्या कडक आणि खालच्या ओल्या होण्याचं कारण एकच आहे, पोळ्या गरम असताना डबा बंद होतो. वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली उतरतं. तव्यावरून काढलेली पोळी जाळीवर किंवा सुती पंचावर टाका, दुसरी भाजून होईपर्यंत पहिली उघडीच राहू द्या. सगळ्या झाल्या की एकावर एक ठेवून त्याच कोरड्या कापडात गुंडाळा आणि मग डब्यात. कापड डब्यात राहू द्या, ते ओल शोषतं आणि पोळ्या वाळूही देत नाही. फॉइल हे काम करत नाही, ते वाफ आतच कोंडतं.

पण नुसत्या बांधणीने भागणार नाही, कणीक भिजवण्यापासूनच सुरुवात करावी लागते. पाव किलो चक्कीच्या कणकेला १६० ते १७५ मिली पाणी लागतं. घाईत बहुतेक जण १३०-१४० वर थांबतात, कारण घट्ट गोळा लाटायला सोपा. तीच पोळी दुपारी चामट होते. पाव किलोला पाव चमचा मीठ, दोन चमचे तेल. पाणी तीन वेळा विभागून घाला, पाच-सहा मिनिटं चांगली तिंबा आणि किमान वीस मिनिटं झाकून ठेवा. या वीस मिनिटांत कोंडा पाणी पितो. वेळ नसेल तर कणीक रात्रीच भिजवा, वरून तेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. हवा लागली तर वरचा थर काळपट पडतो, म्हणून डबा गोळ्याच्या मापाचाच घ्या. सकाळी उठल्याबरोबर बाहेर काढा, गार गोळा लाटताना आखडतो.

घडीची पोळी करा, फुलका नको. घडीत तेल लावा, तूप नको. एसीच्या गारव्यात तूप थिजतं आणि पोळी आहे त्यापेक्षा जास्त कडक लागते, तेल मऊच राहतं. पिठी कमीत कमी वापरा आणि तव्यावर टाकण्याआधी पोळी झटका. पोळीवर राहिलेली कोरडी पिठी तव्यावर करपते आणि नंतर पोळीतलीच ओल ओढून घेते.

भाजताना सगळ्यात मोठी चूक मंद आचेची. मंद तव्यावर पोळी दोन-अडीच मिनिटं पडून राहते आणि तेवढ्या वेळात तिच्यातलं पाणी उडून जातं. तवा आधी नीट तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून लगेच उडाला पाहिजे. मोठ्या आचेवर पूर्ण पोळी मिनिट-सव्वा मिनिटात व्हायला हवी. पहिली बाजू पंधरा सेकंदांतच उलटा, नुसता रंग बदलेपर्यंत. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग पुन्हा उलटून कडा कापडाने दाबा.

आणि एक. केलेल्या पोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका, अगदी उरलेल्यासुद्धा. पिठातला स्टार्च फ्रिजच्या गारव्यात सर्वांत लवकर कडक होतो. ऑफिसातही डबा एसीच्या झोताखाली न ठेवता पिशवीतच राहू द्या.

प्रश्न : चटणी वाटताना मिक्सर मध्येच बंद पडतो. दुकानदार म्हणाला मोटर गेली, नवा घ्या. — सोलापूर

उत्तर : नवा घेऊ नका. पिन काढा आणि मिक्सर उलटा करा. तळाला एक लहान, बहुतेक लाल बटण असतं. मोटरवर भार जास्त आला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. दहा-पंधरा मिनिटं मोटर गार होऊ द्या, बटण दाबा, भांडं अर्ध्यापर्यंतच भरा, सुकं खोबरं किंवा शेंगदाणे असतील तर आधी थांबून-थांबून फिरवून घ्या आणि पाणी नंतर घाला. रिकाम्या भांड्यावरही बटण उडत असेल तर भांडं उलटं करून खालचा चक्र हाताने फिरवा. तो जड फिरला तर भांड्याचं बुश जाम झालंय, मोटर शाबूत आहे. मोटरचा आवाज येतोय पण पातं फिरत नाही, असं असेल तर मिक्सरवरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती चकती, झिजलाय, तो स्वस्तात बदलून मिळतो. जळका वास आणि धूर आला असेल तरच मोटरबद्दल बोलायचं.

प्रश्न : आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसते. उंची पाच फूट एक इंच. संध्याकाळी खांदे आणि मान धरते, पाठ तर दुपारीच. हजारो रुपयांची खुर्ची घ्यावीच लागेल का? — पुणे

उत्तर : आधी टेप घ्या. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं आणि खुर्चीची बैठक ४५. तुमच्या उंचीच्या व्यक्तीचं कोपर बसल्यावर बैठकीपासून २० ते २२ सेंटीमीटरवर येतं, म्हणजे जमिनीपासून ६५-६७. टेबल त्यापेक्षा आठेक सेंटीमीटर वर आहे. आठ तास तुम्ही खांदे उचलून टाइप करताय, म्हणून खांदे दुखतात. टेबल जेवायला बरोबर आहे, लिहायला उंच आहे.

टेबल कापता येत नाही, म्हणून बैठक उचला. सतरंजीची घट्ट घडी किंवा कडक उशी, दाबल्यावर ७-८ सेंटीमीटर उरेल अशी. मऊ उशी नको, ती दहा मिनिटांत बसते. आता पाय अधांतरी राहतील आणि बैठकीची कड मांडीखाली रुतेल, त्यासाठी पायाखाली जेवणाचा पाट घ्या. तो जवळजवळ त्याच मापाचा असतो. गुडघे काटकोनात आणि पावलं पूर्ण टेकलेली असायला हवीत.

मानेचं कारण वेगळं आहे. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्यामुळे एक बरोबर ठेवला की दुसरा चुकतोच. म्हणून खुर्चीच्या आधी साधा वायरचा कळफलक आणि माऊस घ्या, हा खर्च खुर्चीच्या मानाने अगदी थोडा आहे. मग लॅपटॉप जाडजूड पुस्तकांवर इतका उचला की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. अंतर हातभर. चष्मा दोन नंबरांचा असेल तर पडदा थोडा खालीच ठेवा, नाहीतर खालच्या काचेतून बघायला मान मागे टाकावी लागते. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला असू द्या.

कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाण्याची बाटली मुद्दाम लहान घ्या, भरायला उठावंच लागेल. बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होणं किंवा कळ पायात उतरणं यांपैकी काही असेल तर उशी-पाटाचा प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ऑफिसच्या ग्रुपवर रात्री दहा-साडेदहाला साहेबांचे मेसेज येतात. उत्तर दिलं नाही तर सकाळी टोमणा, दिलं तर घरात अबोला. — नवी मुंबई

उत्तर : कायद्याचा आधार इथे नाही. कामाच्या वेळेबाहेर फोनला उत्तर न देण्याच्या हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये खासगी विधेयक मांडलं होतं, पण तसा कायदा झालेला नाही. म्हणून बोलूनच मार्ग काढावा लागेल, आणि त्यासाठी हातात नोंद हवी.

दोन आठवडे एका कागदावर लिहा : मेसेज किती वाजता आला, कशाबद्दल, आणि सकाळी दहाला केलं असतं तर काय बिघडलं असतं. रात्रीचे बहुतेक मेसेज ‘उद्याच्या यादीत घ्या’ या प्रकारचे निघतात. ही नोंद घेऊन साहेबांना एकट्यात भेटा, ग्रुपवर विषय काढू नका. ‘रात्री मेसेज करू नका’ असं म्हटलं की ती तक्रार होते. त्याऐवजी असं म्हणा : “सर, तातडीचं काम चुकू नये म्हणून एक सुचवतो. रात्री नऊनंतर काही अडलं तर मला साधा फोन करा, मी उचलेन. ग्रुपवरचं मी सकाळी साडेनऊला बघून दहापर्यंत उत्तर देत जाईन.” यात तुम्ही नाही म्हणत नाही, तातडीची खूण ठरवून घेता. फोन करायला माणूस दोनदा विचार करतो, मेसेज टाकायला करत नाही.

मग ते पाळा. रात्री नुसता अंगठाही टाकू नका, एक अंगठा दिला की तुम्ही हजर आहात असा अर्थ होतो. फोनमध्ये रात्री नऊ ते सकाळी सातची शांत वेळ लावा आणि साहेबांचा नंबर अपवादात टाका, म्हणजे फोन वाजेल, मेसेज वाजणार नाहीत. आणि सकाळी साडेनऊचं उत्तर पहिले पंधरा दिवस एकदाही चुकवू नका. सगळा भरवसा त्यावर आहे.

प्रश्न : कुकरची रिंग नवी आणली तरी झाकणाच्या कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही. झालीच तर डाळीचं पाणी ओट्यावर उडतं. — सातारा

उत्तर : रिंग लिटरवर नाही, मॉडेलवर जुळते. पाच लिटरच्या दोन कुकरच्या रिंगा वेगळ्या निघू शकतात. दुकानात झाकणच घेऊन जा. रिंग बरोबर असेल तर भांड्याच्या काठावरून बोट फिरवा, पडल्यामुळे आलेला पोचा किंवा वाळलेलं भाताचं शीत हाताला लागेल. मुठीचा स्क्रू ढिला असला तरी झाकण एका बाजूने उचललं जातं. शेवटी शिट्टी बसते ती नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. उजेड दिसला नाही तर तारेने साफ करा. हे पाहणं रोजचं हवं, कारण नळी तुंबली की दाब सेफ्टी व्हॉल्व्हवर जातो. व्हॉल्व्ह उडालाच तर त्याच कंपनीचा नवा बसवा. तिथे दुसरं काहीही ठोकून भोक बुजवणं जिवाशी खेळ आहे.

पाणी उडतं ते डाळीच्या फेसामुळे. डाळ अर्धा तास भिजवा, फेसाळ पाणी ओतून द्या, अर्धा चमचा तेल घाला. डब्यांत शिजवत असाल तर तळाला दीड-दोन पेले पाणी पुरे, डाळीचा डबा अर्ध्याच्या वर भरू नका. सरळ कुकरमध्ये शिजवत असाल तर डाळ-पाणी मिळून एक तृतीयांशच.

शिट्ट्या मोजणं सोडा. मोठ्या बर्नरवर मिनिटात दोन शिट्ट्या होतात, लहानावर एकीलाच पाच मिनिटं लागतात, डाळ मात्र वेळेवर शिजते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेली तूरडाळ डब्यात दहा-बारा मिनिटांत मऊ होते. दाब आपोआप उतरू द्या, पाण्याखाली कुकर धरून झाकण उघडायची घाई केली की वरची डाळ कच्ची वाटते आणि दोष डाळीला जातो.

प्रश्न : पावसाळा जवळ आलाय. दरवर्षी वाळलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो, कपाटात बुरशी धरते. डांबरगोळ्या ठेवतो. — फोंडा, गोवा

उत्तर : डांबरगोळ्या किडीसाठी आहेत, बुरशीचं त्या काही करत नाहीत. वास येतो कपडा फार वेळ ओला राहिल्यामुळे. त्यातले जिवाणू वाढतात, कपडा नंतर वाळला तरी ते राहतात आणि घामाचा ओलावा लागला की वास पुन्हा सुटतो. म्हणून सगळी धडपड कपडा लवकर वाळवण्यासाठी करा.

मशीन थांबल्याबरोबर कपडे काढा, नुसतं पिळण्याचं चक्र दुसऱ्यांदा फिरवा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा. पंखा कपड्यांच्या वर नको, टेबलफॅन आडवा लावा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर तीच ओली हवा खोलीत फिरत राहते. साबण जास्त घालू नका, धुवून न गेलेला साबण जिवाणूंचं खाद्य होतो. वास धरलेले सुती कपडे, टॉवेल वगैरे, ६० अंशांच्या पाण्यात धुवा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चालतं, पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दाराचं रबर प्रत्येक धुण्यानंतर पुसा, बऱ्याचदा वास तिथूनच येतो.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर तीन बोटं पुढे ओढा. इस्त्रीचे गरम कपडे तसेच आत ठेवू नका, तासभर बाहेर गार होऊ द्या. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मिळतात, एका कप्प्याला एक ठेवा. पाणी भरलं की ओतून नवी ठेवा आणि डबी लवंडणार नाही अशा जागी असू द्या, ते पाणी चामड्याला आणि रेशमाला लागलं तर डाग जात नाही. पैठणी आणि रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून आत्ताच काढा, सुती कापडात गुंडाळा. आणि हे सगळं मृगाच्या आधी, कडक ऊन असताना करायचं आहे. कपाट रिकामं करून दारं दिवसभर उघडी टाका, फळ्या कोरड्या कापडाने पुसा, मगच कपडे आत जाऊ द्या.